दुपारची गोळी

दिनांक ०४/०२/२०२५, सकाळी ११.४०

मी, ऋत्विक हरिश्चंद्र तोडणकर, वय २५ वर्षे, धंदा होड्यांवर नावे व नंबर रंगवणे, शिक्षण दहावी पास, अकरावी अर्धवट, राहणार भाटीवाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन हवालदार मृणाली मॅडम यांच्यासमोर खालील हकीकत सांगत आहे. माझ्या विनंतीवरून मॅडमनी ती मला माझ्या हाताने लिहू दिली आहे.

रविवार, दिनांक ०२/०२/२०२५ रोजी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या घरामागे, दगडी गडग्याच्या पलीकडे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीवर नाव रंगवत होतो. होडीचे नाव ज्ञानेश्वरी. ‘र’ काढून झाला होता, त्याची दुसरी वेलांटी राहिली होती. तेवढ्यात घराच्या पडवीतून सूप पडल्याचा आवाज आला आणि लगेच माझ्या वडिलांचा आवाज आला. ते ‘रामा’ अशी हाक मारत होते. आमच्या घरात रामा नावाचे कोणी नाही.

आमच्या घरात तीन माणसे आहेत. मी, वडील हरिश्चंद्र, वय ६२, व आई मालन, वय ५५. वडील अठ्ठावीस वर्षे बोटीवर होते. मालवाहू बोटीच्या इंजिनखान्यात ते ऑइलर होते. आता घरीच असतात. माझे सख्खे मामा बाळा शिवलकर, राहणार संगमेश्वर, हे आईचे धाकटे भाऊ असून रिक्षा चालवतात. त्यांनी रविवारी संध्याकाळी तक्रार दिली आहे की, माझ्या वडिलांनी माझ्या आईचा गळा आवळून तिला फरफटत नेले व विहिरीत टाकण्याचा प्रयत्न केला. ती तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. मामांनी जे पाहिले ते तसेच घडले. त्यात त्यांनी पदरचे काही घातलेले नाही.

मला विचारलेला प्रश्न एवढाच आहे की, त्या वेळी माझे वडील जागे होते की झोपेत. त्यासाठी मागचे थोडे सांगावे लागेल.

गेल्या वर्षी गौरी-गणपती आटोपल्यावर वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. शहरातील रुग्णालयात एक नळी बसवली. घरी सोडताना गोळ्या दिल्या. त्यांपैकी एक गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची होती. ती हृदयाचे ठोके हळू ठेवण्यासाठी आहे, असे सांगितले होते. ती चुकवू नका, असेही सांगितले होते. ती गोळी मी रोज स्वतः वडिलांच्या हातावर ठेवत होतो.

दिवाळीच्या सुमारास वडिलांना झोपेत त्रास सुरू झाला. आधी ते नुसते बोलत. मग हात झाडू लागले, लाथा मारू लागले. आई शेजारच्या खाटेवर झोपत असे. तिच्या मनगटावर व दंडावर काळेनिळे डाग आले. भाऊबीजेला मामा आले, तेव्हा ओवाळताना त्यांनी ते डाग पाहिले व विचारले, “हातावर काय गो हे ताई?” आई म्हणाली, “विळीवर पडले.” मामा म्हणाले, “विळी काय बोटं उमटवते?” आईने त्यांना करंजी वाढली. मी तिथेच होतो. मीही काही बोललो नाही. मामांच्या मनात संशय त्या दिवसापासून आहे आणि तो येण्यास आमचे न बोलणे कारण आहे, असे मला वाटते.

झोपेत वडील जे बोलत ते जवळपास रोज तेच असे. “रामा, वर चल. शिडी गरम हाय, हात लावू नको. माझ्या गळ्याला धर.” मग थोडे थांबून, वेगळा आवाज काढून, “हरी, तू हो पुढं.” दोन्ही आवाज वडिलांचेच. रामा हा दापोलीकडच्या मुरुडचा होता व वडिलांबरोबर एकाच बोटीवर होता. इंजिनखान्यात आग लागली तेव्हा वडील वर आले व रामा आला नाही. हे माझ्या जन्माआधीचे आहे. मला हे आईने सांगितले. वडिलांनी जागेपणी त्या माणसाचे नाव माझ्यासमोर कधी घेतले नव्हते.

सकाळी वडिलांना काही आठवत नसे. आईचा हात पाहून ते विचारत, “मी?” आई म्हणे, “चहा घ्या.”

पौषात एकदा वडिलांनी स्वतःच झोपताना आपला उजवा पाय खाटेच्या पायाला दोरीने बांधून घेतला. गाठ बोटीवरची होती. मी ती सोडून पाहिली, मला सुटली नाही. मी दाराच्या उंबऱ्याला आडवा झोपलो होतो. सकाळी उठलो तेव्हा वडील खाटेवर झोपलेले होते. दोरी सुटलेली होती आणि बोटीवर ठेवतात तशी गोल गुंडाळून माझ्या उशाशी ठेवलेली होती. म्हणजे ते उठून माझ्यापर्यंत आले होते. वडील म्हणाले, त्यांनी दोरी सोडलेली नाही. त्यानंतर त्यांनी पाय बांधला नाही. बांधून उपयोग नाही, हे आम्हां तिघांनाही कळले होते.

वाडीत गोष्ट लपत नाही. रामा अजून वर यायचा राहिला आहे, त्याला हरिश्चंद्र हवा आहे, असे लोक बोलू लागले. आईनेही ते मनावर घेतले. म्हणून शुक्रवार, दिनांक २४/०१/२०२५ रोजी सकाळी आम्ही तिघे ग्रामदेवीच्या देवळात कौल लावायला गेलो. आमच्याकडे अडचण आली की कौल घेतात. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात व गुरव गाऱ्हाणे घालतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवीला जे विचारायचे ते होय किंवा नाही असेच विचारावे लागते.

गुरवकाकांनी पहिले विचारले, हा त्रास रामाचा आहे का. डावी पडली. आईने पदराने डोळे पुसले. दुसरे विचारले, घराच्या जागेचा आहे का. डावी पडली. गुरवकाका म्हणाले, “आता काय विचारू? समुद्राचा?” तेव्हा मी म्हणालो, “गोळीचा आहे का ते विचारा.” कारण त्रास गोळ्या सुरू झाल्यानंतर आला, हे माझ्या मनात बरेच दिवस होते. गुरवकाका हसले. म्हणाले, “मेल्या, देवीला डॉक्टरकी करायला लावतोस?” पण त्यांनी विचारले. रात्रीच्या गोळीचे नाव मी त्यांना दोनदा सांगितले, त्यांनी ते देवीपुढे आपल्या परीने घेतले. बराच वेळ कळी हलली नाही. मग उजवी पडली.

गुरवकाका म्हणाले, “बघ, उजवा दिलान.” आई म्हणाली, “गोळी तर गोळी. रामा नाय ना, बस झालं.” घरी येईपर्यंत ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती की रामा नाही, रामा नाही. वडील मागून चालत होते.

त्या रात्रीपासून ती गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारावे असे कोणाच्या डोक्यात आले नाही, कारण विचारून झाले होते. गोळी टाकून देणे बरे दिसेना म्हणून मी ते पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर, देवळातून आणलेल्या कौलाच्या कळीशेजारी ठेवले. बाकीच्या गोळ्या चालू होत्या.

पहिल्या रात्री वडील थोडे चुळबुळले. दुसऱ्या रात्री नाही. रविवारपासून ते शांत झोपू लागले. आई सकाळी मला हळूच म्हणाली, “एका कुशीवर झोपले रे.” मी उंबऱ्यावर झोपणे सोडून माळ्यावर झोपायला गेलो. तो आठवडा आमच्या घरात चांगला गेला.

मंगळवारपासून वडील जेवल्यावर देव्हाऱ्यापुढे उभे राहू लागले. हात जोडत, डोळे मिटत, मग पाणी पिऊन पडवीतल्या बाकड्यावर दुपारचे आडवे होत. बोटीवरच्या माणसाला देवाधर्माचे वेड कमी, असे आई नेहमी म्हणते. तिला फार बरे वाटले. शेजारच्या आनंदीबाईंना ती म्हणाली, “देवीनं माणूस बदलून दिलान.” मीही पाहिले. मला त्यात काही वेगळे वाटले नाही.

आता रविवारचे सांगतो.

हाक ऐकून मी ब्रश टाकून गडग्यावरून उडी मारली. पडवीत सूप उलटे पडले होते व तांदूळ पायरीपर्यंत सांडले होते. आई त्याआधी तिथे बसून तांदूळ निवडत होती. वडील अंगणात होते. त्यांनी डावा हात मागून आईच्या गळ्याभोवती घातला होता व ते उलटे चालत तिला विहिरीकडे ओढत होते. बेशुद्ध माणसाला जसे काढतात तसे. आईच्या टाचा जमिनीला घासत होत्या. वडिलांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे पाहत होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो. मी अगदी समोर उभा राहिलो तरी त्यांनी वाट बदलली नाही, मला खांद्याने बाजूला केले. ते म्हणत होते, “पाणी हाय खाली, घाबरू नको. उडी मारू. उडी मारू.”

आमच्या विहिरीचा कठडा जांभ्याचा असून गुडघ्याएवढा आहे.

त्याच वेळी मामांची मोटारसायकल अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, थांबली. त्यांची मुलगी निशिगंधा हिच्या साखरपुड्याचे पहिले निमंत्रण बहिणीला द्यायला ते नारळ घेऊन आले होते. त्यांनी ते दृश्य पाहिले. नारळ त्यांच्या हातातून तिथेच पडला. पंचनाम्यात जो नारळ बेड्याजवळ मिळाल्याचे लिहिले आहे तो हाच. मामा धावत आले व ओरडले, “भावजी, सोडा तिला. सोडा म्हणतो ना.” ओरडण्याने वडिलांनी पकड आणखी घट्ट केली आणि ते जोरात मागे सरकू लागले. आईचा चेहरा काळा पडू लागला होता. मी वडिलांची बोटे सोडवत होतो, पण मला ती सुटत नव्हती. वडिलांच्या अंगात एवढी ताकद झटक्यानंतर मी पाहिली नव्हती. ते कठड्यावर बसले. त्यांचा एक पाय आत गेला. आईचे डोके त्यांच्या छातीवर, म्हणजे विहिरीच्या तोंडावर होते. मी आईचे दोन्ही पाय धरले. मामांनी वडिलांच्या सदऱ्याला धरले, तो फाटला.

यानंतर काय झाले याबद्दल मामांच्या तक्रारीत असे आहे की, आई नवऱ्याचे नाव घेऊन ‘हरी, सोड’ अशी जिवाची भीक मागत होती. तिने नाव घेतले हे खरे आहे. पण त्याचा अर्थ मामांना माहीत असण्याचे कारण नाही.

माझ्या आईने लग्न झाल्यापासून वडिलांचे नाव घेतलेले नाही. रेशनकार्डाच्या वेळीही तिने मला पुढे करून नाव सांगायला लावले होते. त्या दिवशी तिने त्यांचा हात सोडवायचे थांबवले. अंग सैल सोडले. मग घोगऱ्या आवाजात, हळू, ओरडून नव्हे, ती म्हणाली, “हरी, आलो आपण वर. वर आलो रे. आकाश बघ. आता सोड.”

वडिलांना ‘हरी’ म्हणणारा एकच माणूस होता. आईने ते नाव वडिलांच्याच तोंडून, रात्रींतून ऐकलेले होते.

वडिलांनी वर पाहिले. मग त्यांनी हात काढला. म्हणाले, “आलास?” मी आईला ओढून अंगणात घेतले. वडील कठड्यावरून बाहेरच्या बाजूला खाली बसले आणि बसल्या जागी कलंडले. त्यांना घाम फुटला होता. ओठ पांढरे झाले होते.

मामांना ते सोंग वाटले. “नाटक करतोस?” असे म्हणून त्यांनी डोक्यावरचे हेल्मेट काढून त्याने वडिलांच्या पाठीवर दोन वेळा मारले. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. दुसऱ्या फटक्यानंतर वडील हललेसुद्धा नाहीत, तेव्हा मामाच थांबले व म्हणाले, “ऋत्विक, बघ रे, श्वास हाय काय.” दोघांना एकाच रिक्षातून रुग्णालयात नेले. रिक्षा वाडीतल्याच दर्शनची, पण चालवली मामांनी. आई पुढे मामांशेजारी बसली होती. मागे वडिलांचे डोके माझ्या मांडीवर होते. वाटेत आई एकदाच मागे वळली. तिला मान वळवता येत नव्हती म्हणून ती सगळीच वळली.

रुग्णालयात वडिलांचे ठोके फार कमी झाले असल्याचे सांगितले. डॉक्टरबाईंनी विचारले, गोळ्या जास्त घेतल्या का. मी म्हणालो, जास्त कशा, एक तर बंदच आहे. त्यांनी कोणती ते विचारले व मी सांगितल्यावर त्यांनी हातातले काम थांबवले. मला घरी जाऊन पाकीट आणायला सांगितले. मी देव्हाऱ्यावरून पाकीट काढले. ते कळीखाली नीट ठेवलेले होते. मी ठेवले तेव्हा एक पट्टी पूर्ण भरलेली होती. आता तिच्यातली अर्ध्याहून जास्त घरे रिकामी होती.

वडील सोमवारी सकाळी बोलण्याच्या स्थितीत आले, तेव्हा मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे. गोळी बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. “इंजिन सुटल्यासारखं वाटत होतं रे. हात लावून धरावं असं.” मी म्हणालो, “मग सांगायचं नाही?” ते म्हणाले, “सांगितलं असतं तर तू परत रात्री हातावर ठेवली असतीस. परत तुझ्या आईचा हात. मी म्हटलं, दुपारी घ्यावी. रात्रीपर्यंत तिचा जोर उतरेल.” मी विचारले, “रोज एक?” ते म्हणाले, “राहिलेल्या पण भरून काढत होतो. रविवारी तीन घेतल्या.” मग म्हणाले, “मरायचं भ्या वाटलं.”

म्हणजे देव्हाऱ्यापुढे ते रोज दुपारी गोळी घेत होते. हात मात्र खरेच जोडत होते, असे त्यांनी सांगितले.

रात्री काही झाले नाही, कारण जे व्हायचे ते दुपारी झोपेत येऊ लागले. आधीच्या दिवशी दुपारी ते बाकड्यावर पाय झाडत होते, हे आईला आता आठवते आहे. तेव्हा तिला वाटले माशा बसतात. तिने त्यांच्या पायांवर पंचा घातला.

डॉक्टरबाईंचे म्हणणे पोलिसांनी त्यांच्याकडून घ्यावे. मला जेवढे समजले ते एवढेच. ठोके हळू करणाऱ्या या जातीच्या गोळ्यांनी काही माणसांना वाईट स्वप्ने पडतात, काही झोपेत उठून चालतात. सगळ्यांना नाही. वडिलांना ते गोळीनेच झाले असे त्या छातीठोक सांगत नाहीत, पण तसे असू शकते असे म्हणतात. ही गोळी एकदम बंद केली तर हृदय उधळते, म्हणून ती कधीच आपल्या मनाने बंद करायची नसते. याच कामाची दुसरी गोळी असते, ती मेंदूत कमी जाते. ती आता सुरू केली आहे. तिने फरक पडेल असे त्यांना वाटते. खात्री देत नाहीत. कोल्हापूरला झोपेची तपासणी होते, तीही करायला सांगितली आहे. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही फक्त एक फोन करायला हवा होता.” मी त्यांना कौलाचे सांगितले. त्या रागावल्या नाहीत.

आम्ही देवीला त्रास कशाचा एवढेच विचारले होते. देवीने सांगितले. गोळी बंद करू का, हे आम्ही विचारलेच नव्हते.

आईच्या गळ्याला पट्टा आहे व उजव्या मनगटाचे हाड मोडले आहे. ती हळू बोलते. तिने मला जबाबात सांगायला सांगितले आहे ते तिच्याच शब्दांत लिहितो. “ते मला बुडवत नव्हते. काढत होते.” तिचा जबाब मॅडम रुग्णालयात जाऊन घेणार आहेत.

मामा काल व आज सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन आले. वडिलांच्या वॉर्डाकडे जात नाहीत. काल मी त्यांना गोळीचे सगळे सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, “खरं असेल रे. तू खोटं बोलणारा नाहीस. पण ती झोपेत मेली असती की जागेपणी, मला काय फरक? माझी बहीण त्या घरात झोपणार नाय.”

काल संध्याकाळी वडिलांनी मला जवळ बसवून विचारले, “विहिरीत पाणी किती हाय आत्ता?” मी म्हणालो, दोन पुरुष खोल असेल. ते म्हणाले, “तिला पोहता येत नाय.” मग खाटेच्या लोखंडी कठड्यावरून हात फिरवत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “उद्या तुझा जबाब ना?”

“होय.”

“सांग, जागा होता म्हणून.”

मी म्हणालो, “बाबा, तुम्ही झोपेत होता.”

“मला ठाऊक हाय. झोपलेल्याला घरी सोडतात.” मग म्हणाले, “जागा होता म्हटलंस की आत ठेवतील. तिथं तुझी आई नाय.”

मी म्हणालो, असे खोटे मला लिहिता येणार नाही. ते म्हणाले, “दोरीचं आठवतं ना तुला?” मी होय म्हणालो. ते म्हणाले, “मला आठवत नाय. म्हणून सांगतोय.”

मी रात्रभर यावर विचार केला. माझे उत्तर मी खाली लिहीत आहे.

माझे वडील हरिश्चंद्र तोडणकर हे दिनांक ०२/०२/२०२५ रोजी दुपारी झोपेत होते. त्यांना माझी आई दिसत नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मी हे लिहिल्यावर त्यांच्यावरचा आरोप कदाचित राहणार नाही व ते घरी येतील, हे मला समजते.

तक्रारीत असेही आहे की, उपचारांच्या खर्चापायी आईच्या पाटल्या मोडण्यावरून घरात भांडण होते. तसे भांडण नव्हते. मॅडमनी हिशोब विचारला म्हणून सांगतो. नळी सरकारी योजनेतून बसली. वरचा खर्च अठ्ठेचाळीस हजार झाला. त्यातले चाळीस हजार मामांनीच दिले होते, ते द्यायचे बाकी आहेत, त्यांनी एकदाही मागितलेले नाहीत व तक्रारीतही लिहिलेले नाहीत. आईच्या पाटल्या घरात आहेत. आत्ताच्या दोन दिवसांत औषधे व तपासण्यांचे सहा हजार दोनशे झाले, ते मी दिले. दाराला बाहेरून लावायची कडी व कोयंडा, एकशे दहा रुपये, घेतला आहे, बसवलेला नाही, आई नको म्हणते. विहिरीवर लोखंडी जाळी सात हजार पाचशे, पैकी दोन हजार दिले, बाकी पाच हजार पाचशे जाळी बसवल्यावर द्यायचे आहेत. जाळी शनिवारी बसणार आहे. वडिलांना गुरुवारी सोडणार आहेत.

वर लिहिलेले सर्व मृणाली मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवले. ‘झोपेत होते’ या ठिकाणी त्या थांबल्या व हे असेच ठेवायचे का, असे त्यांनी पुन्हा विचारले. मी असेच ठेवण्यास सांगितले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे.

सही
ऋत्विक हरिश्चंद्र तोडणकर